मोंढ्यावरचा कोरियन वर्ग

भाषेच्या वर्गात शब्द साठायला पाहिजेत. आमच्या कोरियनच्या वर्गात शब्दांच्या आधी किस्सेच साठले! कुणाला एखादा शब्द विचारा. अर्थ सांगायच्या आधी तो "अहो, त्याची गंमतच झाली" म्हणून सुरू होतो. एक किस्सा संपेपर्यंत दुसऱ्याच्या तोंडात तिसरा तयार असतो. रविवारी वर्ग सुटला तरी आम्ही जिन्यात उभेच. आज तुम्ही चहाला बसलाच आहात, तर ऐका.

मी मानवतच्या एसटी स्टँडवर कंट्रोलर. आयुष्यभर गाड्यांच्या पाट्या वाचल्या आणि माईकवर ओरडलो. माझा आणि कोरियनचा संबंध काय? तर माझी मुलगी प्रणाली. तिला त्या कोरियन मालिकांचं वेड. मोंढ्यात रेवती मॅडमनी वर्ग काढलाय म्हणल्यावर तिनं हट्ट धरला. मी तिला सोडायला जायचो आणि खाली गाडीवर बसून राहायचो.

या रेवती मॅडम मूळच्या पाथरीच्या. लग्नाआधी पुण्याकडं एका कोरियन कंपनीत दुभाषी होत्या. लग्न होऊन मानवतला आल्या. सासऱ्यांची मोंढ्यात आडत. आडतीवर एक खोली रिकामी होती, तिथंच वर्ग. खाली कापूस-तुरीचे सौदे, वर कोरियन!

एका रविवारी ऊन लय होतं. मॅडमनी खिडकीतून हाक मारली, "काका, वर पंखा आहे. येऊन बसा की!"

वर गेलो. दारात भाकरीची दुरडी ठेवलेली, आणि दुरडीत सगळ्यांचे मोबाइल. डिक्शनरी बघायची नाही, हा वर्गाचा पहिला नियम. आधी नुसतं वाचायचं, मग अंदाज बांधायचा, आणि मोबाइल अगदी शेवटी. अक्षरं प्रणालीच्या नादानं मला थोडीफार यायला लागली होती. मॅडमनी माझ्यापुढं लहान मुलांचं एक पुस्तक ठेवलं.

"मॅडम, मला यातलं काय बी येत न्हाई."

"येत नाही ते मी विचारलंच नाही. येतंय ते सांगा."

बोट ठेवत ठेवत वाचलं. "हाल्मॉनी... म्हंजे आजी. शिजांग... बाजार. सागवा... सफरचंद." बाकी सगळा अंधार!

"झाली की गोष्ट!" मॅडम म्हणाल्या. "आजी बाजारात गेली आणि तिनं सफरचंद घेतलं. काका, तुम्ही कोरियन वाचलंत!"

आता प्रणालीनं वर्ग सोडला, मी मात्र चिकटून आहे. घरी ती मालिका बघते आणि मी शेजारी बसून शब्द सांगतो. ती म्हणते, "पप्पा, मधी बोलू नका!"

*

कोरियनमध्ये शिक्षकाला म्हणतात 'सॉनसेंगनिम'. आमच्या मानवतच्या तोंडात त्याचं महिन्याभरात 'सत्संगनिम' झालं. जिन्यातूनच आमची हाक, "सत्संगनिम, येऊ का?"

मॅडमची दुसरी सवय म्हणजे मोठ्यानं वाचायला लावायचं. त्या एक ओळ वाचणार, मागून आम्ही सगळे एका सुरात. अर्थ कळो न कळो. त्या म्हणतात, "एकच शब्द एका गोष्टीत चारदा भेटू द्या. चौथ्यांदा तो आपणहून ओळख सांगतो."

समोरच्या माडीवर गोदाबाई राहतात. भाविक बाई. त्या दर रविवारी गॅलरीतून हे ऐकायच्या. एका रविवारी अंघोळ-बिंघोळ करून, नारळ घेऊन आल्या आणि मागं पोत्यावर हात जोडून बसल्या. आम्हाला वाटलं, मॅडमच्या सासूबाईंकडं आल्या असतील.

त्या दिवशी बेडकाची गोष्ट होती. बेडूक म्हणजे 'केगुरी'. ओळीओळीला केगुरी! मॅडम म्हणायच्या "केगुरी", मागून आम्ही सगळे "केगुरीऽऽ!" गोदाबाई डोळे मिटून डोलायला लागल्या.

वाचन संपलं. त्या उठल्या, पुस्तकापुढं नारळ ठेवला आणि वाकून नमस्कार केला.

"सत्संग लय ग्वाड झाला. कळालं काय न्हाई, पन जिवाला बरं वाटलं." आणि मग मॅडमना हळूच विचारलं, "हे केगुरी महाराज कोनच्या गावचे वो?"

वर्गात सगळ्यांनी माना खाली घातल्या. बेडूक आहे म्हणून सांगायची छाती कुणाची होणार? मॅडमनी नारळ फोडला आणि सगळ्यांना खोबरं वाटलं. बेडकाला कोरियनमध्ये काय म्हणतात, हे आमच्या वर्गातला एकही माणूस मरेपर्यंत विसरणार नाही!

*

कांचन सिस्टर आमच्या वर्गातल्या सगळ्यात धीट वाचक. दवाखान्यात नर्स आहेत. रात्रपाळी करून आल्या तरी पहिल्या रांगेत. शब्द अडला म्हणून थांबणं त्यांना माहीतच नाही. सुई टोचायला लहान मुलांची शीर शोधण्यात आयुष्य गेलं, अक्षरांना काय भिणार!

एकदा मॅडमनी त्यांना एक उतारा दिला. पहिलीच ओळ, 'नुनी वास्सॉयो.'

'नुन' म्हणजे डोळा, हे सिस्टरना माहीत. 'वास्सॉयो' म्हणजे आले, हेही माहीत. त्यांनी खणखणीत आवाजात अर्थ लावला, "डोळे आले!"

आम्ही माना डोलावल्या. बरोबरच आहे.

पुढची ओळ. "त्याच्यामुळं पोरं शाळेत गेली न्हाईत." एकदम बरोबर! डोळे आल्यावर शाळेत पाठवतं का कुणी? साथ पसरायची.

"पोरं लय खूश झाली." तेही खरंच.

पुढं आलं 'नुन्साराम'. 'साराम' म्हणजे माणूस. "डोळ्याचा मानूस... म्हंजे डोळ्याचा डॉक्टर! पोरांनी बाहेर जाऊन डोळ्याचा डॉक्टर तयार केला... हां, पोरं शिकून डॉक्टर झाली!"

मॅडम ओठ दाबून नुसत्या ऐकत होत्या. चूक मध्येच पकडायची नाही, हा त्यांचा नियम. चूक उतारा स्वतःच पकडून देतो म्हणतात.

सिस्टर पुढं वाचायला लागल्या. "दुसऱ्या दिवशी ऊन पडलं. आन डॉक्टर..." आवाज बारीक झाला. "डॉक्टर वितळला."



सिस्टरनी पुस्तक खाली ठेवलं. "मॅडम, हितं कायतरी गडबड हाय."

मग त्या स्वतःच मागं गेल्या. वितळतं काय? उन्हानं वितळतं काय? आणि टाळीच वाजवली, "बर्फ! आवं, नुन म्हंजे बर्फ बी असंल! बर्फ पडला, पोरांनी बर्फाचा मानूस केला!"

मॅडम त्या दिवशी केवढ्या खूश! म्हणाल्या, "डिक्शनरी बघणाऱ्याला शब्द मिळाला असता. सिस्टरनी तो स्वतः शोधला."

सिस्टर मात्र वैतागलेल्या. "शोधला खरा. पन मॅडम, परभणी जिल्ह्यातल्या माणसाला आधी डोळे आठवतील का बर्फ?"

*

मॅडमच्या सासूबाईंना सगळे काकू म्हणतात. त्यांना कोरियन शिकायचं नाही. लसूण सोलायला वर पंख्याखाली येऊन बसतात, एवढंच. पण काकू म्हणजे सबंध तालुक्यातली लग्नं जमवणारी बाई. कुणाचं आडनाव कानावर पडलं की मूळ गाव, मामा, आत्या, सगळं काढतात.

एक दिवस मॅडम शब्दांची घराणी शिकवत होत्या. 'हाक' म्हणजे शिकणं. 'हाक्क्यो' म्हणजे शाळा, 'हाकसेंग' म्हणजे विद्यार्थी, 'तेहाक' म्हणजे मोठं शिकणं, कॉलेज. "नवीन शब्दात हाक ऐकू आली, की समजायचं या घरातलाच कुणीतरी आहे."

काकूंनी लसूण बाजूला ठेवला. "आन ते मघाशी 'पांगहाक' म्हनलीस ते? त्याचा अर्थ तर सुट्टी सांगितलास. सुट्टी कशी गं शिकन्याच्या घरातली?"

आम्ही इतके दिवस तो शब्द पाठ करत होतो. हे विचारायचं एकालाही सुचलं नव्हतं!

मॅडम हसून म्हणाल्या, "आई, पांग म्हणजे सोडणं."

"म्हंजे शिकनं सोडनं!" काकूंचे डोळे चमकले. मग त्यांनी जिन्याकडं तोंड करून खालच्या नातवाला हाक मारली, "बाळ्या! तू वर्षभर काय करायलास ते सापडलं रं! पांगहाक!"

*

दिगंबरचं वेगळं. आम्ही हौशी, पण त्याला दुभाष्याची नोकरी पाहिजे होती. त्यासाठी परीक्षा पास होणं भाग. एकदा नापास झाला होता. पुन्हा बसणार होता आणि घरचे म्हणत होते, हे शेवटचं, मग गपगुमान शेडमध्ये काम कर. त्यांची शेतात रेशीम अळ्यांची शेड आहे. तुतीचा पाला तोडायचा आणि अळ्यांना घालायचा, हे तो लहानपणापासून करतोय.

पोरगं शब्द नुसते पाठ करायचं. आरशावर चिठ्ठ्या, शेडच्या दाराला चिठ्ठ्या. आणि उतारा समोर आला की त्यातला एकही आठवायचा नाही. एकदा वर्गातच त्यानं पुस्तक मिटून बाजूला सारलं. "मॅडम, शब्द येतेत वो मला. पन वाक्यात गेले की वळखू येत न्हाईत."

मॅडमनी त्याच्या चिठ्ठ्या काढायला लावल्या आणि सशा-कासवाची, मांजराची पातळ पातळ पुस्तकं हातात दिली.

"मी बी.एस्सी. झालोय मॅडम! मांजराची गोष्ट वाचू?"

"वाच. आणि वाचायच्या आधी चित्र बघ, मथळा बघ. स्वतःला विचार, याबद्दल मला आधीच काय माहीत आहे?"

सहा महिने पोरानं मांजरं, उंदीर, वाघ, सगळं जंगल वाचून काढलं. शेडमध्ये पाला टाकत टाकत वाचायचा. परीक्षेला गेला. संध्याकाळी मॅडमना फोन आला, तेव्हा आम्ही दोघंतिघं तिथंच होतो. फोन स्पीकरवर होता.

"मॅडम! एक उतारा आला. निम्मे शब्द येत नव्हते. पन पानं, अळी, धागा एवढं कळालं आन म्हनलं, आरं, ही तर आपली शेड हाय! सगळं वाचता आलं मॅडम! लिहिनाऱ्यापेक्षा मला जास्ती माहीत व्हतं!"

आम्ही टाळ्या वाजवल्या. काकूंनी गुळाचा खडा पुस्तकावर ठेवला.

"फक्त एक प्रश्न गेला असंल," तो म्हणाला. "धागा काढल्यावर आतल्या अळीचं काय करतात, असं व्हतं. उत्तरात लिहिलं व्हतं, उकडून खातात. मी म्हनलं शक्यच न्हाई! दुसऱ्यालाच खूण केली."

मॅडमना हसू आवरेना. "दिगंबर, अरे, खातात ते! आवडीनं खातात!"

मग त्याचा आवाज आला, "वाचलं तर मी तसंच व्हतं मॅडम. पन इश्वास कसा ठेवावा!"

तेवढा एक प्रश्न गेला. पोरगं पास झालं.

*

आता माझा. सांगायची लाज वाटते, पण सांगतो.

गावाबाहेरच्या एका गिरणीत कोरियन मशीन आहे. ते बंद पडलं आणि तिकडचा इंजिनिअर आला. त्याचा दुभाषी काही पोचला नाही. मालकाचा मॅडमना फोन, तर मॅडम माहेरी लग्नात, मागं बँड वाजतोय. त्या ओरडून म्हणाल्या, "आमच्या कंट्रोलर काकांना न्या!"

मी गेलो. इंजिनिअर साहेब घामानं भिजलेले, चेहरा ताणलेला. सकाळपासून कुणाशी शब्द बोलायला मिळाला नव्हता. मशीनवर एक पिवळी पट्टी, 'सोन जोशिम.' एका गोष्टीत आई मुलाला चुलीपाशी म्हणते 'पुल जोशिम', म्हणजे विस्तव सांभाळ. आणि सोन म्हणजे हात, ते येत होतं. मी मालकाला सांगितलं, "हात सांभाळा, असं लिहिलंय." मालक माझ्याकडं असे बघायला लागले, जसं मीच ते मशीन बनवलंय!

त्यामुळं माझी भीड चेपली. इंजिनिअरनी विचारलं, मशीनला काय झालं? तेवढं कळलं. मालकानं सांगितलं, परवा बंद पडलं. आता हे कोरियनमध्ये सांगायचं कसं? मी आजवर वाचल्या त्या सगळ्या लहान मुलांच्या गोष्टी. 'परवा' येत नाही, 'बंद पडलं' येत नाही. आली ती एकच सुरुवात.

मी छाती भरून म्हणालो, "येन्नाल येन्नारे..." म्हणजे फार फार वर्षांपूर्वी, "...एक मशीन राहत होतं."

साहेब माझ्याकडं बघतच राहिले. त्यांनी हातातला पाना खाली ठेवला, शेजारच्या कापसाच्या गाठीवर बसले, हनुवटी हातावर टेकवली आणि अगदी लहान पोरासारखं विचारलं, "कुरेसॉयो?" म्हणजे, मग? पुढं काय झालं?

आता माघार कशी घेणार? मी म्हणालो, "एक दिवस... ते झोपी गेलं."

साहेब जे हसायला लागले! मालकाला काही कळेना. हसून हसून डोळे पुसले, उठले, मशीनजवळ गेले, त्याच्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाले, "इरॉना!"

हा शब्द मला पक्का येतो. गोष्टीतली प्रत्येक आई सकाळी पोराला हेच म्हणते. ऊठ!

*

आणि अश्विनीचं. ती वालूरची. शेतकऱ्याची एकुलती एक लेक. दर रविवारी पहिल्या गाडीनं यायची. डोळ्यांनी वाचायची नाही, पोरगी जिवानं वाचायची. मॅडमनी एकदा सांगितलं होतं, वाचलेलं घरी कुणाला तरी सांगा, सांगितलं की शब्द आपला होतो. अश्विनीनं ते मनावर घेतलं. रोज संध्याकाळी आई भाकरी करायला बसली की ही समोर बसून आधी कोरियनमध्ये वाचायची, मग मराठीत सांगायची. आई शाळेची पायरी न चढलेली, पण गोष्ट अर्धी राहिली तर भाकरी द्यायची नाही!

एकदा वर्गात एक गोष्ट होती. पोरगा गाठोडं घेऊन दूर निघालाय, दारात म्हातारी आई. अश्विनी वाचत होती. "आईनं त्याचा हात धरला आन म्हनली, गाजी मा..." ती अडखळली. आदल्याच आठवड्यात आम्ही भाज्यांची नावं वाचली होती. गाजी म्हणजे वांगं. अश्विनी म्हणाली, "आई म्हनली, वांगं..."

आम्ही सगळे हसलो. कांचन सिस्टर म्हणाल्या, "डबा देत असंल पोराला!"

मॅडम हसल्या नाहीत. "शब्द सोड. म्हातारीकडं बघ. हात धरलाय तिनं. काय म्हणेल?"

अश्विनीनं पुन्हा मनात वाचलं. मग बारीक आवाजात म्हणाली, "जाऊ नको."

"बरोबर. तेही गाजीच."

तिनं घरी आईला हे सांगितलं, तर आई पदर तोंडाला लावून हसली म्हणे. "वांगं आन जाऊ नको, एकच? कसली गं तुजी भाषा!" तेव्हापासून त्यांच्या घरात वांग्याला गाजीच म्हणायचे. "दोन गाजी तोडून आन गं परसातून."

पुढं अश्विनीनं अर्ज केला आणि तिकडं शिकायला जायची शिष्यवृत्ती मिळाली. सगळा वर्ग नाचला. वालूरला भावकीत कुजबुज सुरू झाली, एकटी पोरगी एवढ्या लांब कशाला. बापही कचरत होता. आई मात्र एक शब्द बोलली नाही. जा म्हणाली नाही, राहा म्हणाली नाही. पासपोर्टाच्या कामाला तिच्याबरोबर दोनदा परभणीला गेली, गरम कपडे घ्यायला गेली, सगळं केलं.

निघायचा दिवस. मानवतच्या स्टँडवरून संभाजीनगरची गाडी आणि तिथून पुढं मुंबई. मी ड्युटीवर होतो, खिडकीची जागा धरून ठेवली. मॅडम आल्या, सिस्टर आल्या, दिगंबर आला. बाप बॅगा चढवताना पुन्हा पुन्हा नाक पुसत होता. आई कोरडी. "शाल वरच ठेवलीय. तेलाची बाटली आडवी करू नको. पोचल्यावर फोन कर." एवढंच.

अश्विनी गाडीत बसली. कंडक्टरनं घंटी दिली. तेवढ्यात आईनं पिशवीतून स्टीलचा डबा काढला, टाचा उंच करून खिडकीतून तिच्या हातात दिला. डबा दिला, पण हात काही डब्यावरून काढेना.

अश्विनीनं विचारलं, "काय दिलीस गं आई?"

आईनं पदर नीट केला. लेकीकडं बघितलं.

"गाजी," ती म्हणाली.